अन्न पचत नाही, म्हणून एन्झाइमची गोळी?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत: पाचक एन्झाइमच्या गोळ्या, कॅप्सूल आणि सिरप. ती किती उपयोगी, किती निर्धोक आणि कोणी घ्यावीत, असे विचारणाऱ्या पत्रांतून सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: माझे वय ४२ आहे. जेवणानंतर तासाभरात पोट गच्च होते, ढेकर येत राहतात आणि संध्याकाळी पँटचा पट्टा एक घर सैल करावा लागतो. वजन स्थिर आहे, भूक चांगली लागते. तीन महिन्यांपासून मी दहा-बारा प्रकारची एन्झाइम्स असलेली कॅप्सूल जेवणाबरोबर घेतो आहे आणि थोडे बरे वाटते. ती कायम घेतली तर चालेल का? की त्यामुळे शरीर स्वतःची एन्झाइम्स तयार करणे विसरेल?

उत्तर: तुमच्या पत्रातील 'वजन स्थिर आहे, भूक चांगली लागते' हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि त्याचे कारण समजण्यासाठी पचनाची व्यवस्था थोडी पाहावी लागेल.

एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकात ज्याला विकर म्हटलेले असते, ते अन्नाचे मोठे रेणू तोडून आतड्याला शोषता येतील इतके लहान करते. लाळेतील अमायलेज पिष्टमय पदार्थांवर काम सुरू करते, जठरातील पेप्सिन प्रथिनांना हात घालते, पण खरा भार स्वादुपिंडावर असतो. हा अवयव दिवसाकाठी साधारण १ ते १.५ लिटर पाचक रस लहान आतड्यात सोडतो आणि त्यात स्निग्ध पदार्थ तोडणारे लायपेज, पिष्टासाठी अमायलेज व प्रथिनांसाठी ट्रिप्सिनसारखी एन्झाइम्स असतात. शेवटचे काम आतड्याच्या अस्तरावरची एन्झाइम्स करतात, ज्यांत दुधातील साखर तोडणारे लॅक्टेज येते.

आता या व्यवस्थेचा जो गुण जाहिरातींत कधीच सांगितला जात नाही, तो सांगतो. स्वादुपिंडाकडे फार मोठी शिल्लक असते. लायपेजचे उत्पादन नेहमीच्या १० टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत मलातून स्निग्ध पदार्थ बाहेर पडण्याइतके अपचन सहसा होत नाही, हे १९७०च्या दशकातच मोजमापाने दाखवले गेले आहे. त्यामुळे 'वय वाढले, ताण वाढला, म्हणून एन्झाइम्स कमी पडली' हे विधान ऐकायला पटण्यासारखे असले, तरी ज्याचे वजन टिकून आहे आणि ज्याला अन्न अंगी लागते आहे, अशा माणसाच्या पोटफुगीला स्वादुपिंडाची कमतरता क्वचितच कारणीभूत असते. वयाबरोबर रस थोडा कमी होतो खरा, पण शिल्लक एवढी असते की निरोगी माणसाला ती घट जाणवत नाही.

मग तुम्हाला बरे का वाटते? याची दोन-तीन उत्तरे संभवतात आणि त्यांतले कोणतेही तुम्हाला खोटे ठरवणारे नाही. पोटाच्या अशा तक्रारी मुळातच कमी-जास्त होत असतात आणि त्रास टिपेला असताना माणूस औषध सुरू करतो, त्यामुळे पुढची उतरण औषधाच्या खात्यावर जमा होते. आतड्याच्या कार्यात्मक विकारांवरील, म्हणजे तपासणीत बिघाड दिसत नाही पण त्रास होतो अशा तक्रारींवरील, चाचण्यांत औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीनेसुद्धा साधारण एक तृतीयांश रुग्णांना आराम पडल्याचे वारंवार दिसले आहे. तिसरी शक्यता अशी, की तुमच्या कॅप्सूलमधील एखादे एन्झाइम तुमच्या एखाद्या विशिष्ट अडचणीवर खरोखर लागू पडत असेल. उदाहरणार्थ, कडधान्यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा तोडणारे एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतेच. त्या शर्करा तशाच मोठ्या आतड्यात जातात, तेथील जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे बुरशीपासून मिळवलेले एन्झाइम पहिल्या घासाबरोबर घेतल्यास हा वायू कमी होऊ शकतो, असे छोट्या अभ्यासांतून दिसले आहे.

यांतले तुमच्या बाबतीत काय खरे आहे, हे तुम्ही स्वतःच तपासू शकता. दोन आठवडे कॅप्सूल पूर्ण बंद ठेवा. रोज रात्री एका वहीत काय खाल्ले, पोट कधी फुगले, शौचाला साफ झाली का आणि जेवण किती घाईत उरकले, एवढे चारच मुद्दे लिहा. फरक पडला नाही तर कॅप्सूलची गरज नव्हती. विशिष्ट पदार्थाच्याच दिवशी त्रास होतो असे दिसले, तर उपाय त्या पदार्थापुरता करावा, बारा एन्झाइम्सचा नव्हे. जुनाट बद्धकोष्ठ आणि घाईघाईने खाताना गिळली जाणारी हवा ही पोटफुगीची दोन अगदी साधी कारणे आहेत आणि पत्रांत त्यांचा उल्लेख सहसा नसतो.

'शरीर विसरेल का' या भीतीबद्दल: लहान आतड्यात ट्रिप्सिनसारखी एन्झाइम्स वाढली की स्वादुपिंडाला मिळणारा संदेश तेवढ्यापुरता मंदावतो, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु गोळ्यांमुळे स्वादुपिंड कायमचे काम सोडून देते याला आधार नाही. कायम घेण्यातील खरा धोका निराळा आहे. गोळीवर भागते आहे अशा समाधानात एखादा खरा आजार वर्षभर तपासणीविना राहून जातो.

प्रश्न: माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. त्यांना स्वादुपिंडाचा जुना दाह आहे. डॉक्टरांनी पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या एन्झाइम्सच्या, कॅप्सूल लिहून दिल्या आहेत, पण वडील जेवण झाल्यावर आठवण येईल तेव्हा एक घेतात. शौच तेलकट होते, पाण्यावर तरंगते आणि दोन-तीनदा पाणी सोडूनही भांड्याला चिकटून राहते. वजन उतरतेच आहे. औषध लागू पडत नाही असे समजायचे का?

उत्तर: तसे समजण्याआधी औषध घेण्याची पद्धत बदलून पाहा. तुमच्या वडिलांना हे औषध खरोखर हवे आहे आणि तुम्ही केलेले वर्णन स्निग्ध पदार्थ न पचल्याचे नेमके लक्षण आहे. जुना स्वादुपिंडदाह, सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातील स्राव घट्ट होण्याचा आनुवंशिक आजार), स्वादुपिंडाचा कर्करोग किंवा शस्त्रक्रियेने स्वादुपिंड काढावे लागणे, या अवस्थांत एन्झाइमची कॅप्सूल ही पूरक वस्तू राहत नाही. मधुमेह्याला इन्सुलिन जसे, तसे ते रोजचे औषध असते.

एक कॅप्सूल वाटीवर उघडून पाहिलीत तर आत भुकटी दिसणार नाही. खसखशीहून थोडे मोठे, फिकट तपकिरी दाणे दिसतील. प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारा लेप असतो. लायपेज हे नाजूक एन्झाइम आहे आणि जठरातील तीव्र आम्लात ते कायमचे निकामी होते, म्हणून हा लेप जठरात टिकतो आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो वाढला की आम्ल कमी) ५.५च्या वर गेल्यावर, म्हणजे लहान आतड्यात पोहोचल्यावर विरघळतो. दाणे इतके बारीक करण्याचेही कारण आहे: ते अन्नात मिसळावेत आणि अन्नाबरोबरच जठरातून पुढे सरकावेत. जेवण संपल्यावर अर्ध्या तासाने घेतलेली कॅप्सूल म्हणजे गाडी सुटल्यावर स्थानकावर पोहोचलेला प्रवासी. अन्न पुढे निघून जाते आणि एन्झाइम मागे राहते.

म्हणून कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यावी. एका जेवणासाठी एकाहून अधिक कॅप्सूल असतील, तर काही सुरुवातीला आणि उरलेल्या जेवणाच्या मध्यावर घ्याव्यात. मात्रा कॅप्सूलच्या संख्येने मोजू नका, कारण कॅप्सूल वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. लायपेजची युनिट्स पाहा. प्रौढांसाठी मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट्स आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी, अशी सुरुवात सर्वसाधारणपणे केली जाते व गरजेनुसार डॉक्टर ती वाढवतात. तुमचे वडील घेत असलेली एक कॅप्सूल १०,००० युनिट्सची असेल, तर औषध लागू पडत नाही असे न म्हणता ते पोटात पुरेसे गेलेलेच नाही असे म्हणावे लागेल. कॅप्सूलवरचा आकडा पाहून डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला.

दाणे चावायचे नाहीत. लेप फुटला तर एन्झाइम तोंडातच काम सुरू करते आणि हिरड्या व जीभ सोलवटतात. तोंड आल्याची तक्रार करणारे अनेक रुग्ण मुळात दाणे तोंडात रेंगाळू देत असतात. कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून दाणे चमचाभर मऊ, आंबटसर फळाच्या गरावर घालावेत, लगेच न चावता गिळावेत आणि वर पाणी प्यावे. गरम पदार्थात किंवा दुधात ते मिसळू नयेत, कारण दुधाचे आम्लत्व कमी असल्याने लेप आधीच विरघळू लागतो. डबी घट्ट बंद आणि उष्णतेपासून दूर ठेवावी, कारण उन्हात तापलेल्या एन्झाइमची ताकद घटते.

तेलकट शौच होते म्हणून घरच्यांनी वडिलांचे स्निग्ध पदार्थ तोडले असतील, तर तेही डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू करावेत. पूर्वी असे पथ्य सांगितले जाई, परंतु त्यामुळे उष्मांक आणखी कमी होऊन रुग्ण जास्तच खंगतो. आहार नेहमीसारखा आणि एन्झाइमची मात्रा त्याला पुरेशी, असे धोरण आता मानले जाते. स्निग्ध पदार्थांबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जातात, तेव्हा त्यांची पातळी आणि हाडांची घनता तपासून घ्यावी. मद्य आणि तंबाखू असतील तर दोन्ही पूर्ण थांबणे आवश्यक आहे.

पद्धत आणि मात्रा सुधारूनही फरक पडला नाही, तर आम्ल कमी करणारे औषध जोडून पाहतात किंवा लहान आतड्यात जिवाणूंची अतिरिक्त वाढ झाली आहे का, ते तपासतात. एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला गरजेचे वाटते: ही औषधे डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. धर्माच्या किंवा आहाराच्या कारणाने कोणाला हे खटकत असेल, तर त्याने मनातल्या मनात औषध बंद न करता डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. अन्न न पचण्याने होणारी झीज फार वेगाने होते.

प्रश्न: दूध प्यायले की पोटात गुडगुडते आणि जुलाब होतात. लॅक्टेजची गोळी घेऊन दूध पिणे योग्य आहे का? की रोज थोडे थोडे दूध पीत राहिल्यास लॅक्टेज पुन्हा तयार होऊ लागेल?

उत्तर: गोळी घेऊन दूध पिण्यास हरकत नाही. एन्झाइम पूरकांमध्ये ज्यांच्या उपयोगाबद्दल चांगला पुरावा आहे, त्यांत लॅक्टेज वरच्या क्रमांकावर येते. जगातील बहुसंख्य प्रौढांमध्ये बालपणानंतर लॅक्टेज कमी होत जाते, आणि हा आजार नसून माणसाच्या वाढीचा सर्वसाधारण क्रम आहे. दुग्धपदार्थाच्या पहिल्या घोटाबरोबर किमान ४,५०० एफसीसी युनिट्स (एन्झाइमची ताकद मोजण्याचे एक प्रमाणित एकक) लॅक्टेज घेतल्यास लॅक्टोजचे पचन सुधारते, हा दावा युरोपीय महासंघाच्या नियमांत मान्य केलेला आहे. गोळीचा परिणाम त्या एका वेळेपुरताच टिकतो.

थोडे थोडे दूध प्यायल्याने लॅक्टेज परत येत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू मात्र लॅक्टोजला सरावतात, त्यामुळे त्रास कमी होऊ शकतो. कमतरता असलेल्या बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, विशेष त्रासाविना चालते, त्यातही जेवणाबरोबर घेतले तर अधिक. म्हणजे तुम्हाला गोळीचीही गरज नसेल. दुधाची ॲलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती दुधातील प्रथिनांची असते आणि तीत लॅक्टेजचा काहीही उपयोग नाही.

प्रश्न: एका बाटलीवर 'पपई आणि अननसापासून, पूर्णपणे नैसर्गिक' असे लिहिले आहे, तर दुसरीवर एन्झाइम्सची लांबलचक यादी आहे आणि वजन मिलिग्रॅममध्ये दिले आहे. यांतले कोणते चांगले? मला हृदयविकारामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

उत्तर: शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिली बाटली घेऊ नका. पपईतील पॅपेन आणि अननसातील ब्रोमेलेन यांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढण्याची शक्यता असते, विशेषतः वॉरफरिनसारख्या औषधाबरोबर. शस्त्रक्रिया ठरली असेल तर अशी पूरके सुमारे दोन आठवडे आधी थांबवण्यास सांगितले जाते. ज्यांना रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी आहे, त्यांना पपईपासूनही ॲलर्जी होऊ शकते. मधुमेहासाठी अकार्बोज घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की ते औषध पिष्टाचे पचन मुद्दाम मंद करते आणि अमायलेज असलेले पूरक त्याच्या अगदी विरुद्ध काम करते.

दुसऱ्या बाटलीबद्दल. मिलिग्रॅम हे वजन आहे आणि एन्झाइमचे मोल त्याच्या वजनात नसते. ठरावीक परिस्थितीत ते किती पदार्थ तोडते, हे युनिट्स सांगतात. एकाच वजनाच्या दोन भुकट्यांपैकी एक तल्लख आणि दुसरी जवळजवळ मृत असू शकते, म्हणून युनिट्स नसलेली यादी कितीही लांब असली तरी तिच्यावरून काही ठरवता येत नाही. युनिट्स असली तरी बुरशीपासूनच्या लायपेजची आणि स्वादुपिंडापासूनच्या लायपेजची मोजणी वेगळ्या पद्धतीने होते, तेव्हा ते आकडे परस्परांशी ताडून पाहू नयेत.

बुरशीपासून एन्झाइम मिळवणे मुळात वाईट नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी अशा एन्झाइमचे अमेरिकी पेटंट १८९४ मध्येच मिळवले होते. प्रश्न दर्जाच्या खात्रीचा आहे. अमेरिकेत १९९४च्या कायद्यानुसार आहारपूरके विकण्याआधी ती गुणकारी असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. याउलट स्वादुपिंडाच्या एन्झाइम्सच्या औषधांत एका उत्पादनाची ताकद दुसऱ्यापेक्षा फार वेगळी आढळू लागली, तेव्हा तेथील औषध प्रशासनाने २००४ मध्ये सर्व उत्पादकांना रीतसर मान्यता घेण्यास भाग पाडले आणि २००९पासून अशी मान्यताप्राप्त औषधे मिळू लागली. डॉक्टरांनी लिहून दिलेले पॅनक्रिएटिन आणि फडताळावरची 'एन्झाइम' अशी बाटली यांच्यामागे खात्रीची पातळी एक नसते, हे त्यावरून ध्यानात येईल.

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा आहे. जेवताना फार कटकट करतो. भूक वाढावी म्हणून एन्झाइमचे सिरप देऊ का?

उत्तर: देऊ नका. एन्झाइम अन्न तोडते. भूक वाढवणे हे त्याचे काम नाही. या वयात वाढीचा वेग मंदावतो आणि त्याबरोबर भूकही कमी होते. मुलाची उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर आपल्या रेषेने चालली असतील, तर औषधाची गरज नाही. ती रेष खाली वळली असेल, किंवा मुलाला वारंवार जुलाब वा छातीचे आजार होत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

'जास्त दिले तर काय बिघडणार' असे कोणाला वाटत असेल, तर एक नोंद सांगतो. १९९४ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या, खूप मोठ्या मात्रेत स्वादुपिंडाची एन्झाइम्स घेणाऱ्या मुलांमध्ये मोठे आतडे जाड व अरुंद होण्याचा विकार प्रथम वर्णन केला गेला. त्यानंतर मात्रेला मर्यादा आली: जेवणागणिक प्रतिकिलो वजनाला लायपेजची २,५०० आणि दिवसभरात १०,००० युनिट्स. ज्या मुलांना हे औषध अत्यावश्यक आहे त्यांच्यासाठीही ही मर्यादा पाळतात.

प्रश्न: मला सिलियाक आजार आहे, म्हणजे गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते. ग्लूटेन पचवणारी गोळी घेतली तर बाहेर जेवताना पथ्य सोडता येईल का?

उत्तर: नाही. काही एन्झाइम्स जठरात ग्लूटेनचा बराच भाग तोडतात, पण तुमच्या आतड्याला इजा करण्यास उरलेला थोडा भागही पुरेसा असतो, आणि ती इजा प्रत्येक वेळी लक्षणांतून कळेलच असे नाही. पथ्य जन्मभराचेच ठेवा.

प्रश्न: आईचे वय ६० आहे. चार महिन्यांत तिचे सात किलो वजन घटले. पोट आणि पाठ दुखते, जेवण नको वाटते आणि याच काळात तिला मधुमेह निघाला. ओळखीच्या व्यक्तीने सुचवल्यावरून एन्झाइमच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. किती दिवस वाट पाहावी?

उत्तर: वाट पाहू नका. या आठवड्यातच आईंना पोटविकारतज्ज्ञांकडे न्या. या वयात वजन घटत असताना नव्याने निघालेला मधुमेह आणि पाठीकडे जाणारी पोटदुखी एकत्र असेल, तर स्वादुपिंडाचे चित्र घेणे, म्हणजे सीटी स्कॅन करणे, आवश्यक ठरते. कारण साधेही निघू शकते, परंतु कर्करोग नाही याची खात्री करायला हवी आणि त्यात दिवस फार मोलाचे असतात. कावीळ, शौचातून रक्त, गिळताना अडकणे, सतत उलट्या किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही दिसत असेल, तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

मलातील इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्याच एका एन्झाइमची, तपासणीही बहुधा होईल. त्यात प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आकडा आला, तर स्वादुपिंड कमी पडत असल्याचा संशय येतो आणि १००च्या खाली तो बळावतो. नमुना पातळ जुलाबाचा नसावा, कारण पाण्यामुळे आकडा खोटा कमी येतो. माणसाचेच इलास्टेज मोजणाऱ्या चाचणीवर गोळ्यांचा परिणाम होत नाही, तरीही आई घेत असलेली बाटली बरोबर न्या आणि ती कधीपासून, किती वेळा घेतात हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या.